मनिमस्क: नाचाच्या नावात राहिलेली दलदल

अ‍ॅबर्डीनमध्ये डिसेंबरात दुपारी साडेतीनच्या सुमाराला सूर्य मावळतो. इथे आलेली बरीच मराठी घरं तेलाच्या धंद्यामुळे आली, आमचंही त्यातलंच. नवरा दोन-दोन आठवडे समुद्रात, आणि घरात मी आणि न संपणारी संध्याकाळ. शेजारच्या काकू म्हणाव्यात अशा वयाच्या बाईंनी एक दिवस दारात उभं राहून सांगितलं, "मंगळवारी चर्चच्या हॉलमध्ये नाचाचा वर्ग असतो. मऊ तळाचे बूट घालून या, बाकी काही लागत नाही." जोडीदार लागत नाही, वयाची अट नाही, पोशाखाची नाही. मी गेले आणि रमले.

स्कॉटिश नाच म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे तलवारींवर उड्या मारणारा किल्टमधला तरुण येतो. तो हायलँड डान्स, एकट्याने करायचा, स्पर्धेत गुण मिळवायचा. कंट्री डान्स वेगळा. तो समूहाचा नाच आहे. बहुतेक वेळा चार जोड्या समोरासमोर दोन रांगांत उभ्या राहतात, या आठ जणांना मिळून 'सेट' म्हणतात. वाद्यवृंद बसतो ते सेटचं वरचं टोक. पहिली जोडी नाच सुरू करते, दुसरी-तिसरी तिला साथ देते, आणि एक आवर्तन संपलं की पहिली जोडी एक पायरी खाली सरकलेली असते. दोनदा नाचून झालं की ती तळाशी जाते आणि वरची नवी जोडी 'पहिली' होते. आठ आवर्तनांत चारही जोड्यांना मान मिळतो. ही रचना मला फार आवडते. कुणी कायमचं पुढे नाही, कुणी कायमचं मागे नाही, आणि स्वतःची पाळी नसतानाही नुसतं उभं राहून चालत नाही. हात द्यावा लागतो, वाट करून द्यावी लागते, नजर द्यावी लागते. नजरेवर तर आम्हाला शिकवणाऱ्या बाईंचा भारी कटाक्ष. पायाकडे बघू नका, समोरच्या माणसाकडे बघा, हे त्या प्रत्येक वर्गाला सांगतात.

हे नाच विसरले जातील या भीतीने १९२३ साली ग्लासगोमध्ये जीन मिलिगन आणि इझोबेल स्टुअर्ट या दोघींनी पुढाकार घेऊन संस्था काढली. तीच आजची रॉयल स्कॉटिश कंट्री डान्स सोसायटी. जुन्या छापील पुस्तकांतून आणि म्हाताऱ्या माणसांच्या आठवणींतून नाच गोळा करायचे, नीट लिहून छापायचे आणि शिकवायचे, असं ते काम. त्यामुळे आज अ‍ॅबर्डीनला शिकलेला नाच टोकियोत किंवा टोरांटोतही अनोळखी लोकांबरोबर न अडखळता नाचता येतो.

त्या हंगामाच्या शेवटी होणाऱ्या मोठ्या नाचाच्या कार्यक्रमाची यादी ऑक्टोबरातच आली. त्यात एक नाव होतं मनिमस्क. जुना, सगळ्यांना माहीत असलेला स्ट्रॅथस्पे. बाई म्हणाल्या, हा आपण सावकाश करू, कारण हा घाईने शिकला तर घाईतच नाचला जातो.

इथे स्ट्रॅथस्पेबद्दल थोडं सांगायला हवं, कारण मनिमस्कचं सगळं सौंदर्य त्यात आहे. कंट्री डान्सच्या चाली मुख्यतः तीन. रील आणि जिग या जलद, उसळत्या. तिसरी स्ट्रॅथस्पे, संथ आणि भारदस्त, जगातल्या दुसऱ्या कुठल्या नाचात मी अशी चाल पाहिलेली नाही. तिचं नावच एका खोऱ्याचं आहे. हायलँड्समधून वाहत येऊन ईशान्य किनाऱ्याला समुद्राला मिळणारी स्पे नदी, आणि 'स्ट्रॅथ' म्हणजे नदीचं रुंद, सपाट तळाचं खोरं. अरुंद, दोन्ही बाजूंनी डोंगर चढत गेलेलं असेल तर ते 'ग्लेन'. त्या खोऱ्यातल्या फिडलवादकांच्या वाजवण्यावरून अठराव्या शतकात या चालीला हे नाव पडलं. म्हणजे मनिमस्क नाचताना मी एका खोऱ्याच्या चालीत दुसऱ्याच एका जागेचं नाव नाचत होते. पण हे तेव्हा डोक्यात नव्हतं. तेव्हा डोक्यात होतं ते फक्त पाऊल.

स्ट्रॅथस्पेचं प्रवासाचं पाऊल चार ठोक्यांचं. उजवा पाय पुढे, डावा त्याच्या मागे आणून जुळवायचा, उजवा पुन्हा पुढे, आणि चौथ्या ठोक्याला मागचा डावा पाय गुडघ्यात वाकवून जमिनीलगत पुढे आणताना उजव्या पायावर हलकेच उचलायचं. लिहिताना सोपं वाटतं. खरी गंमत तिसऱ्या आणि चौथ्या ठोक्याच्या मध्ये आहे. तिथे संगीत जरा ताणलं जातं. फिडलवर आधी एक छोटा, तुटक स्वर आणि लगेच लांब स्वर असा झटका येतो, त्याला 'स्कॉच स्नॅप' म्हणतात, आणि त्या झटक्यामुळे वाट बघायला जागा मिळते. ती जागा शरीराने भरायची. रीलची सवय लागलेले पाय ती जागा गिळून टाकतात. बाईंनी आम्हाला हॉलच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत हेच एक पाऊल चालायला लावलं, आधी टाळ्यांवर, मग नुसत्या गुणगुणण्यावर, मग अ‍ॅकॉर्डियनच्या रेकॉर्डवर. "जमीन वापरा," त्या म्हणायच्या. "वर जायचं असेल तर आधी खाली जा." गुडघा नीट वाकला, वजन तळव्यावर नीट उतरलं, की मगच ते उचलणं येतं. नुसत्या टाचा उचलल्या तर माणूस हिसके खात चालल्यासारखं दिसतं.

मनिमस्कची सुरुवात अशी: पहिली जोडी उजवे हात धरून एकमेकांभोवती फिरते, मग दोघंही आपापल्या बाजूने बाहेर वळून एक जागा खाली येतात. दुसरी जोडी वर सरकून जागा देते. मग डावे हात धरून पुन्हा फिरायचं आणि सुटायचं ते अशा ठिकाणी की बाई दुसऱ्या जोडीच्या मध्ये, तोंड खाली करून, आणि पुरुष तिसऱ्या जोडीच्या मध्ये, तोंड वर करून. आता तिघातिघांच्या दोन आडव्या रांगा समोरासमोर. हात धरायचे आणि जागच्या जागी 'सेट' करायचं, म्हणजे उजवीकडे एक पाऊल, डावीकडे एक पाऊल, एकमेकांकडे बघत.

हिवाळाभर मला हाच क्षण सर्वांत जास्त आवडला. आठ बारभर, म्हणजे तालाच्या आठ मापांपुरतं, फिरून, वळून, सुटून तुम्ही आलात आणि एकदम सहा माणसं स्थिर. दोन्ही बाजूंनी कोणीतरी तुमचा हात खांद्याच्या उंचीवर धरलाय, समोर जोडीदार तसाच दोघांच्या मध्ये, आणि सहाही गुडघे एकाच वेळी वाकतात. लाकडी जमिनीवर सहा मऊ तळव्यांचा एकच आवाज येतो. सेट नीट जमलेला असेल तर हातांतून समजतं की शेजारची व्यक्ती किती वजन टाकतेय. मग रांगा मोडून बाजूंना उभ्या होतात, पुन्हा सेट, मग सहा जणांचं कडं. पण माझ्यासाठी मनिमस्क म्हणजे त्या आडव्या रांगा.

माझे नेहमीचे जोडीदार एक निवृत्त गृहस्थ होते, जन्मभर वनखात्यात काम केलेले. बोलतात खास इथली डोरिक बोली, भेटल्यावर "फिट लाइक?" म्हणजे "कसं काय?" असं विचारतात. चहाच्या मधल्या सुट्टीत त्यांना विचारलं, मनिमस्क म्हणजे काय? एखाद्या माणसाचं नाव?

"गाव आहे. इथून तासाभराच्याही आत. आणि नावाचा अर्थ चिखल."

जुन्या गेलिक भाषेत पहिला भाग म्हणजे पीट, पीटची पाणथळ जमीन. दुसरा भाग ओलसर, घाणेरडा, बुरसट अशा अर्थाचा. चिखलट दलदल, असं एकूण. ईशान्येच्या या भागात आता गेलिक घरात बोललं जात नाही, पण नद्या, टेकड्या आणि गावं तीच नावं घेऊन बसलीत. पीट म्हणजे शेवाळ आणि गवत पाण्यात शतकानुशतकं साठून, न कुजता दाबलं जाऊन झालेला तपकिरी थर. इथले लोक अशा जागेला 'मॉस' म्हणतात. तो थर फावड्याने विटांसारखा कापायचा, वाळवायचा आणि चुलीत जाळायचा. म्हणजे दलदल नुसती अडचण नव्हती, ते गावाचं सरपण होतं.

"पण आता जाऊन बघाल तर दलदल कुठे दिसणार नाही," ते म्हणाले. "ज्याच्या नावाने ही चाल बांधली, त्यानेच ती दलदल आटवली."

या एका वाक्यामुळे मी मनिमस्कला गेले.

वसंताच्या तोंडाशी, मार्चमध्ये गेलो, ते दोघं नवराबायको आणि मी. अ‍ॅबर्डीनहून पश्चिमेला निघालं की थोड्याच वेळात शेतं सुरू होतात आणि शेतांच्या कडेला दगडी बांध. हे बांध बघून मला आधी वाटलं होतं की दगड कुठूनतरी आणून रचलेत. तसं नाही, ते त्याच शेतांतले. इथली जमीन दगडांनी भरलेली होती, ते उपसायचे म्हटल्यावर ठेवायचे कुठे, तर बांधात. किंग्जवेल्सजवळचा एक बांध तर इतका रुंद आहे की वरून माणसं चालतात. बांध घालायचा म्हणून दगड वेचले की दगड संपवायचे म्हणून बांध घातला, असा प्रश्न पडावा. त्याला नावही तसंच आहे, दगड 'खपवणारा' बांध.

मग डॉन नदीचं खोरं उघडतं आणि उत्तरेला बेनाकी दिसायला लागतो. ग्रॅनाइटची लांबट डोंगररांग, फार उंच नाही, सर्वांत उंच माथा ५२८ मीटर. पण लोकांच्या मनातला मान त्याच्याहून दहा मीटरने बुटक्या असलेल्या मिदर टॅपला. तो टोकदार आहे, मैलोन्‌मैल ओळखू येतो आणि त्याच्यावर प्राचीन दगडी तटबंदी आहे. अ‍ॅबर्डीनशायरमधल्या कुणालाही विचारा, बेनाकी दिसला की घर आलं, असंच सांगतील. त्याच्या दक्षिणेला, नदीच्या काठी मनिमस्क.

गाव लहान. मधोमध हिरवळीचा चौक, भोवती दगडी घरं, जवळच बाराव्या शतकातलं चर्च. अजून त्यात प्रार्थना होते. हे सगळं नीटनेटकं आहे, कुणीतरी बसून आखल्यासारखं, आणि ते बऱ्याच अंशी खरंही आहे.

सर आर्चिबाल्ड ग्रँट हे ते गृहस्थ. ग्रँट हे मूळचं स्पेच्या खोऱ्यातलं कुळ. आर्चिबाल्डच्या वडिलांनी, लॉर्ड कलन या न्यायाधीशाने, अठराव्या शतकाच्या सुरुवातीला ही जहागीर फोर्ब्स घराण्याकडून विकत घेतली. तरुण आर्चिबाल्ड १७१६ च्या सुमाराला कारभार बघायला आला तेव्हा इथे काय होतं, ते त्यानेच पुढे लिहून ठेवलंय. चाकाची एक गाडी अख्ख्या जहागिरीत नव्हती, आणि असती तरी ती चालावी असा रस्ता नव्हता. शेतं एकमेकांत गुंतलेली, एक सरी एकाची तर शेजारची दुसऱ्याची. झाडं म्हणाल तर वाड्याच्या परसबागेपाशी थोडे एल्म, सिकॅमोर आणि अ‍ॅश, कुणाकुणाच्या आवारात एखाददुसरं, आणि मेंढ्यांनी खाऊन खुरटलेली थोडी झुडपं. बाकी उघडा माळ, दगड आणि पाणी.

त्याचं लंडनमधलं आयुष्य वेगळंच वादळी. खासदार होता, आणि गरिबांना कमी व्याजाने कर्ज द्यायला काढलेल्या एका मंडळाचा पैसा सट्ट्यात गेला त्या प्रकरणात १७३२ साली त्याला संसदेतून काढून टाकलं. त्यानंतर त्याने सगळा जोर जमिनीवर लावला. चर खणले, दगड उपसले, बांध घातले, शेतं सलग केली, टर्निप आणि क्लोव्हर आणलं आणि झाडं लावली. पन्नास वर्षांत सुमारे ५ कोटी झाडं लावली असं सांगतात. आकडा मोठा आहे, पण लॉर्ड्स थ्रोट नावाच्या, डॉन नदीच्या त्या अरुंद खोऱ्यातल्या रस्त्याने गेलं की दोन्ही बाजूंनी येणारं जंगल पाहून तो अशक्य वाटत नाही. आज दिसणारी बरीच झाडं नंतरच्या लागवडीची, पण परंपरा तीच. नदीकाठच्या त्याच्या एका वनाचं नावच पॅराडाइज, स्वर्ग. तिथे लार्चच्या बुंध्याशी माझे जोडीदार हात लावून उभे राहिले आणि झाडाचा शेंडा बघायला मान इतकी मागे टाकली की टोपी पडली. वनखात्याच्या माणसाला ती झाडं कशी दिसत असतील, याचा मला हेवा वाटला.

१७७६ च्या सुमाराला एडिंबराच्या डॅनियल डाउ या फिडलवादकाने नव्या चालींचं पुस्तक छापलं. त्यात ही चाल आहे, 'सर आर्चिबाल्ड ग्रँट ऑफ मनिमस्कचा रील' या लांबलचक नावाने. आश्रयदात्याचं नाव चालीला द्यायची तेव्हा रीतच होती. जहागीरदार म्हातारा झाला होता, १७७८ मध्ये वारला. चाल मात्र धावत सुटली. वाजवणाऱ्यांच्या तोंडी एवढं मोठं नाव कशाला टिकतंय? 'सर' गेला, 'आर्चिबाल्ड' गेला, 'ग्रँट' गेला. उरलं मनिमस्क. ज्याने आयुष्यभर दलदल आटवली त्याचं नाव लोकांनी टाकून दिलं आणि दलदलीचं ठेवलं. कुणी ठरवून केलं नाही हे, पण मला यात मोठा न्याय दिसतो.

कारण चर आर्चिबाल्डने स्वतः खणले नव्हते. खणले त्या जमिनीवर राबणाऱ्या कुळांनी आणि मजुरांनी, आणि पीट कापायच्या जागा, गुरं सोडायचा माळ, सरीसरीची वाटणी हे त्यांचं जुनं जगणंही त्यात गेलं. सुधारणा झाली, पिकं वाढली, हे खरंच आहे आणि ते नाकारायचं कारण नाही. पण ती कुणी सोसली, याची नोंद चालीच्या नावात कधीच नव्हती.

आणि नाव समुद्रापारही गेलं. जमैकाच्या क्लॅरेंडन भागात मनिमस्क नावाचा उसाचा मळा होता, पुढे साखर कारखाना झाला, त्याच नावाची रमही मिळते. अठराव्या शतकातला जमैकातला ऊस म्हणजे आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांची मेहनत. स्कॉटलंडच्या कितीतरी जमीनदार घराण्यांचे धागे त्या बेटाशी जोडलेले होते. डॉनच्या काठच्या ओल्या जागेचं नाव कॅरिबियनच्या उन्हातल्या उसाला मिळालं, ते असल्याच लोकांबरोबर. हे वर्गात मी सांगितलं तेव्हा थोडा वेळ कुणी बोललं नाही, मग दोघातिघांनी आपापल्या गावच्या मोठ्या वाड्यांबद्दल बोलायला सुरुवात केली. नाच आवडतो म्हणून त्याच्या नावाची ही बाजू झाकून ठेवावी असं मला वाटत नाही. उलट, आवडतो म्हणूनच ती ठाऊक हवी.

अमेरिकेच्या न्यू इंग्लंडमध्येही ही चाल गेली. तिथे स्ट्रॅथस्पेचा संथपणा गळून ती जलद झाली, नाच बदलला, आणि नावही 'मनी मस्क' असं दोन शब्दांत लिहू लागले, जसा काही त्याचा पैशाशी संबंध असावा. दलदल तिथे पार बुजली.

पण मनिमस्कला ती पूर्ण बुजलेली नाही. जोडीदारांनी मला एका शेताच्या कोपऱ्याशी नेलं. शेत हिरवंगार, उताराच्या तळाशी मात्र गडद हिरव्या, ताठ लव्हाळ्याचे झुबके. "जिथे हा उगवतो तिथे खाली पाणी आहे असं समजायचं," ते म्हणाले. शेजारच्या चरात भाजक्या मातीच्या पाइपचं तोंड दिसत होतं, मुठीएवढं, आणि त्यातून पाण्याची बारीक धार अखंड पडत होती. शेताखाली असे पाइप पुरलेले असतात. ते तुंबले, फुटले, किंवा कुणी काही हंगाम लक्ष दिलं नाही, की पाणी वर येतं आणि लव्हाळा कोपऱ्यातून मधे सरकायला लागतो. त्या सगळ्या नीटनेटक्या शेतांना खालून धरून ठेवलंय ते या धारांनी. मी बुटाच्या टोकाने गवत दाबलं तर बुटाभोवती तपकिरी पाणी गोळा झालं, चहाच्या रंगाचं. पीटचा रंग. वर टिटव्या ओरडत होत्या. इथली टिटवी आपल्या टिटवीची चुलत बहीण, डोक्यावर तुरा असलेली, डोरिकमध्ये तिला 'पीझी' म्हणतात, आणि मार्चमध्ये ती अशाच ओल्या शेतांवर घरटी करायला येते.

मी चिंचवडची. लहानपणापासून गावाचं नाव घेतलं, पण त्यातली चिंच आणि त्यातला वड आता शोधत फिरावं लागतं. म्हणून असेल, पण नावातली जमीन अजून पायाखाली लागते आहे, हे मला त्या कोपऱ्यात फार मोलाचं वाटलं.

परतल्यावर वर्गात पुन्हा मनिमस्क आला तेव्हा मी बाईंना एक विनंती केली. प्रत्येक नाच शिकवण्याआधी त्याच्या नावाबद्दल दोन वाक्यं सांगता येतील का? नाव व्यक्तीचं आहे, वाड्याचं आहे, पलटणीचं आहे की जागेचं, एवढंच. त्या म्हणाल्या की वेळ कमी असतो, पावलं शिकवायची असतात, आणि त्यात तथ्य आहे. पण मग त्यांनीच तोड काढली: ज्याला जे नाव माहीत आहे त्याने ते सांगायचं, लोक सेटमध्ये उभे राहत असताना. आता आमच्याकडे ही रीत पडलीय. त्यातून कळलं की एका बाईंचं आजोळ ज्या दरीत, तिचाच स्ट्रॅथस्पे त्या कितीतरी वर्षं नाचत होत्या आणि कधी कुणाला बोलल्या नव्हत्या.

कार्यक्रम एप्रिलमध्ये झाला. मोठा हॉल, दोन अ‍ॅकॉर्डियन, फिडल, पियानो आणि ड्रम. पुरुष किल्टमध्ये, बायका लांब झग्यांत, मी पैठणीच्या काठाचा शिवून घेतलेला झगा घातला होता. साडीत स्ट्रॅथस्पेचा वाकलेला गुडघा निऱ्यांत अडकतो, हे घरी आरशासमोर बघून ठेवलं होतं. पायात घिली, म्हणजे पातळ तळाचे, पुढे बंद गुंफलेले मऊ चामड्याचे बूट. प्रत्येकाच्या हातात छोटी कार्यक्रमपत्रिका, मनिमस्क मध्यंतराच्या आधी.

वाद्यवृंदाने पहिला लांब सूर धरला, पुरुष वाकले, बायकांनी गुडघे लववले आणि सुरू झालं. एक आवर्तन सुमारे मिनिटभराचं, म्हणजे आठ आवर्तनांना आठ मिनिटं तरी हवीतच. आमची जोडी तिसरी होती, त्यामुळे आमची पाळी येईपर्यंत चार आवर्तनं दुसऱ्यांना हात देण्यात गेली, आणि तेच बरं झालं. तोवर पाय तापले, कान त्या झटक्याला सरावले. आमची पाळी आली. उजवा हात, बाहेर वळून खाली, डावा हात, आणि मी दोघांच्या मध्ये जाऊन उभी राहिले, तोंड खाली. माझ्या उजवीकडे सत्तरीचे एक डॉक्टर, डावीकडे विद्यापीठात शिकणारी एक जपानी मुलगी. समोर माझे जोडीदार त्यांच्या दोघांमध्ये. सेट करताना त्यांनी माझ्याकडे बघून भुवया उडवल्या आणि नेहमीपेक्षा खोल गुडघा वाकवला. मीही वाकवला. बाई महिनोन्‌महिने जे सांगत होत्या ते पायाला तेव्हा उमगलं: वजन खाली जाऊ द्यायचं, घाबरून वर उचलून धरायचं नाही, आणि संगीताने ठेवलेली जागा पूर्ण होईपर्यंत तिथेच थांबायचं. फिडलचा छोटा स्वर तुटला, लांब स्वर आला, आणि सहाही जण एकदम उचलले गेले.

दुसऱ्या आवर्तनानंतर आम्ही तळाला गेलो, घामाने भिजलेले. वर नवी जोडी सुरू झालेली. जोडीदार कानाशी येऊन म्हणाले, "पुढच्या वर्षीच्या यादीत सॉची हॉ आहे. हॉ म्हणजे नदीकाठची सपाट जमीन, आणि सॉच म्हणजे विलो. विलो मला दाखवता येतील. हॉ कुठली, ती तुम्ही शोधा."